खेळण्यातील सुगंध आणि शाळकरी मुलाची त्वचा : त्वचाप्रसाधनांतील सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास (इ. स. १८६८ ते २०२३)

प्रस्तावना

मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या क्रीम, लोशन, साबण, पावडर इत्यादी त्वचाप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची जी यादी छापलेली असते, तिच्या अखेरीस बहुधा 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'फ्रॅग्रन्स' असा एक शब्द आढळतो. यादीतील इतर नावे एकेका पदार्थाची असतात. हा शब्द मात्र एका पदार्थाचे नाव नसून अनेक, कित्येकदा शंभराहून अधिक, द्रव्यांच्या मिश्रणाचे सामूहिक नाव आहे. ग्राहकाला, मुलाच्या पालकाला अथवा त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्याला त्या शब्दावरून मिश्रणात काय आहे याचा बोध होत नाही.

सुगंधी द्रव्यांमुळे काही व्यक्तींच्या त्वचेस अपाय होतो, हे आज निर्विवाद मान्य झाले आहे. तथापि हे ज्ञान कसे प्राप्त झाले, ते कायद्यात केव्हा व किती प्रमाणात उतरले आणि त्या कायद्यात शाळकरी वयाच्या मुलाला कोणते स्थान मिळाले, या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत निबंधात तो करण्याचा प्रयत्न केला आहे. या विषयाचे संशोधन व कायदे यांची सलग नोंद प्रामुख्याने युरोप व अमेरिकेत उपलब्ध असल्याने विवेचनाचा मुख्य भाग तेथील घडामोडींवर आधारलेला असून शेवटी भारतीय कायद्याचा संक्षिप्त विचार केला आहे.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : युरोपीय कायद्याने मुलाच्या हातातील खेळण्यात जी सुगंधी द्रव्ये निषिद्ध ठरविली, त्यांपैकी कित्येक द्रव्ये त्याच मुलाच्या चेहऱ्यावर लावल्या जाणाऱ्या क्रीममध्ये केवळ नाव छापण्याच्या अटीवर चालू दिली. ही विसंगती योगायोगाने उद्भवलेली नाही. खेळण्याचा कायदा बालकाला समोर ठेवून घडला, तर प्रसाधनाचा कायदा प्रौढ ग्राहक आणि व्यापारी गुपित यांच्यातील तडजोडीतून घडला, हे तिचे कारण आहे.

१. कृत्रिम सुगंधाचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुगंध ही मुख्यतः फुले, साली, मुळे, डिंक व प्राणिज पदार्थ यांपासून मिळणारी महाग वस्तू होती. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रगतीने हे चित्र पालटले. विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कूमरिन या सुवासिक द्रव्याचे प्रयोगशाळेत संश्लेषण केले. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान व हारमान यांनी व्हॅनिलिन तयार केले. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या संस्थेने बाजारात आणलेल्या 'फुजेर रोयाल' या अत्तरात संश्लेषित कूमरिनचा उपयोग करण्यात आला होता. स्फोटक द्रव्यांवर काम करीत असता आल्बर्ट बाउर यांना १८८८ मध्ये कस्तुरीसारखा वास असणारे नायट्रो संयुग हाती लागले. त्यातून 'नायट्रो मस्क' या स्वस्त कृत्रिम कस्तुरीचा वर्ग निर्माण झाला.

या शोधांचा सामाजिक परिणाम मोठा होता. सुगंध स्वस्त झाला आणि अत्तराच्या कुपीतून बाहेर पडून साबण, पावडर, मलम व केसांचे तेल यांत शिरला. अत्तर हा प्रौढांचा व प्रसंगविशेषाचा विलास होता, तर सुगंधी साबण व पावडर ही घरातील सर्वांची, अर्थात मुलांचीही, रोजच्या वापराची वस्तू झाली. सुरक्षिततेचा प्रश्न या रोजच्या संपर्कातून उद्भवला.

२. त्वचेने दिलेला पुरावा

सुगंधी द्रव्यांच्या दोषांचे ज्ञान उत्पादकांच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रथम रुग्णालयात झाले. १९१६ मध्ये फ्रॉइंट या वैद्याने असे नोंदविले की, 'ओ द कोलोन' लावून उन्हात गेलेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर तपकिरी डाग उमटतात. द्रव जेथून ओघळला तेथेच हे डाग दिसत. पुढे रोझेंथाल यांनी या विकाराला फ्रेंच भाषेतील लोलक या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले, कारण गळ्यावरील डाग गळ्यात अडकविलेल्या लोलकासारखे दिसत. याचे कारण बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलातील सोरॅलेन वर्गाचे संयुग हे होते. हे तेल पूर्णतः नैसर्गिक होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ॲलर्जीचा प्रकार याहून निराळा. सुगंधी द्रव्यांचे रेणू बहुधा लहान असल्याने ते त्वचेच्या बाह्य थरातून आत शिरू शकतात व तेथील प्रथिनांशी जोडले जातात. शरीराची प्रतिकारयंत्रणा या जोडणीला परकीय समजून तिची ओळख साठवून ठेवते. या पहिल्या टप्प्यात बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे त्याच द्रव्याचा पुन्हा संपर्क आला की एकदोन दिवसांत खाज, लाली, पुरळ अथवा इसब उद्भवते. एकदा निर्माण झालेली ही संवेदनशीलता सामान्यतः आयुष्यभर टिकते आणि ती नाहीशी करण्याचा खात्रीचा उपाय नाही. ते द्रव्य टाळणे एवढाच मार्ग उरतो. लहान वयात ॲलर्जी जडली तर ती टाळण्याचा काळही तेवढाच दीर्घ ठरतो, म्हणून मुलांच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

हा विकार ओळखण्याचे साधन योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडले. संशयित द्रव्य चकतीखाली त्वचेवर ठेवून काही काळाने प्रतिक्रिया पाहण्याची ही रीत आज 'पॅच टेस्ट' म्हणून ओळखली जाते. परंतु या चाचणीसाठी द्रव्य कोणते, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि सुगंधाच्या बाबतीत नेमके तेच ठाऊक नसे. डेन्मार्कमधील त्वचारोगतज्ज्ञ नील्स यॉर्ट यांनी १९६१ च्या आपल्या प्रबंधात पेरू बाल्सम या नैसर्गिक डिंकाच्या ॲलर्जीचा सविस्तर अभ्यास केला. या डिंकाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना सुगंधी द्रव्येही सोसत नसल्याने पुढे बराच काळ बाल्सम हीच सुगंधाच्या ॲलर्जीची अप्रत्यक्ष खूण मानली गेली.

निर्णायक काम १९७७ मध्ये झाले. अमेरिकेतील वॉल्टर लार्सन यांनी एका औषधी मलमातील सुगंधाची ॲलर्जी असलेल्या वीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचारोगावर दिलेल्या औषधातीलच सुगंध रोगाचे कारण ठरत होता. त्या सुगंधाचे घटक मिळवून व ते एकेक तपासून लार्सन यांनी दोषी द्रव्ये निश्चित केली. या कामातून सिनॅमिक अल्कोहोल, सिनॅमिक अल्डिहाइड, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, अमिल सिनॅमिक अल्डिहाइड, जिरॅनिऑल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल आणि ओकमॉसचा अर्क अशा आठ द्रव्यांचे चाचणीमिश्रण सिद्ध झाले व ते जगभर वापरात आले. घटकांची नावे उघड झाल्यावाचून रोगाचे निदान होत नाही, हा या अभ्यासाचा खरा धडा होता.

याच दशकात जपानमध्ये हिदेओ नाकायामा यांनी चेहऱ्यावर गडद डाग पडणाऱ्या प्रसाधनजन्य विकाराचा छडा लावला. त्यात बेंझिल सॅलिसिलेट, इलांग-इलांगचे तेल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल अशा सुगंधी द्रव्यांचाही वाटा होता. प्रमुख उत्पादकांनी या द्रव्यांचा वापर आवरल्यावर नव्या रुग्णांचे प्रमाण घटले. कारण शोधून ते दूर केल्यास विकार टळतो, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

३. गुपित आणि स्वनियमन

मग नावे उघड का केली जात नव्हती? सुगंधाचे मिश्रण हे अत्तरकाराचे बौद्धिक भांडवल असते आणि ते प्रसिद्ध केल्यास प्रतिस्पर्धी त्याची नक्कल करतील, हा उद्योगाचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात प्रसाधनांवर घटकद्रव्ये छापण्याची सक्ती झाली, तेव्हा सुगंधाला 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाची सवलत मिळाली. युरोपात प्रसाधनांविषयीचा पहिला सामाईक निर्देश १९७६ मध्ये निघाला. १९९३ च्या सहाव्या दुरुस्तीने घटकांची यादी बंधनकारक केली, पण तीतही 'पार्फम' हा एकच शब्द पुरेसा मानण्यात आला.

सुरक्षिततेची जबाबदारी उद्योगाने स्वतःच्या संस्थांकडे घेतली होती. सुगंधी द्रव्यांच्या तपासणीसाठी १९६६ मध्ये अमेरिकेत 'रिसर्च इन्स्टिट्यूट फॉर फ्रॅग्रन्स मटेरियल्स' ही संस्था स्थापन झाली व १९७३ मध्ये 'इंटरनॅशनल फ्रॅग्रन्स असोसिएशन' हा जागतिक संघ अस्तित्वात आला. या संघाने कोणती द्रव्ये वर्ज्य करावीत व कोणती किती प्रमाणात वापरावीत याविषयी निकष ठरविले. या कामाचे मोल कमी लेखू नये. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एईटीटी या कृत्रिम कस्तुरीमुळे प्रयोगातील उंदरांच्या मज्जासंस्थेस इजा होते व त्यांचे अंतर्गत अवयव निळे पडतात असे आढळताच उद्योगाने ते द्रव्य मागे घेतले. मात्र ते द्रव्य त्याआधी दोन दशके वापरात होते. मस्क ॲम्ब्रेट या दुसऱ्या कृत्रिम कस्तुरीमुळे उन्हाच्या संपर्कात त्वचादाह होतो हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले, तर युरोपीय कायद्याने तिच्यावर बंदी घातली ती १९९५ मध्ये. वापर आधी व तपासणी नंतर, हाच क्रम या सर्व प्रकरणांत दिसतो.

४. शाळकरी मुलांची नोंद

येथपर्यंतच्या इतिहासात रुग्ण प्रामुख्याने प्रौढ होते. शाळकरी मुलांविषयी पद्धतशीर माहिती मिळाली ती डेन्मार्कमधील ओडेन्स येथील पाहणीतून. १९९५-९६ मध्ये तेथील शाळांतील आठव्या इयत्तेच्या १,५०१ विद्यार्थ्यांची पाहणी झाली व त्यांपैकी बहुसंख्य मुलांची पॅच टेस्ट करण्यात आली. ही मुले साधारण बारा ते सोळा वर्षांची होती आणि ती रुग्णालयात आलेली नव्हती, तर वर्गात बसणारी सर्वसाधारण मुले होती. तपासलेल्या मुलांपैकी १५.२ टक्के मुलांना कोणत्या ना कोणत्या द्रव्याची स्पर्शजन्य ॲलर्जी आढळली. निकेल धातूचे प्रमाण सर्वांत अधिक, ८.६ टक्के, होते व त्याखालोखाल सुगंधमिश्रणाचे, १.८ टक्के. मुलींमधील ॲलर्जीचे एकूण प्रमाण मुलांपेक्षा अधिक होते.

१.८ टक्के हा आकडा लहान वाटेल. बहुसंख्य मुलांना सुगंधी क्रीममुळे काहीही होत नाही, हे त्यावरून मान्य करावे लागते व पालकांना अकारण भयभीत करणे योग्य नाही. परंतु शंभर विद्यार्थ्यांमागे सुमारे दोघांना शाळा संपण्यापूर्वीच आयुष्यभराची संवेदनशीलता जडलेली असणे, आणि तीही ज्यावाचून प्रसाधनाचे कार्य अडत नाही अशा घटकामुळे, ही उपेक्षणीय बाब नव्हे.

ही संवेदनशीलता येते कोठून, याचा एक धागा १९९९ मध्ये डेन्मार्कमध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मिळतो. सुरेश रस्तोगी, योहानसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी विकली जाणारी २५ प्रसाधने व खेळण्यातील प्रसाधने यांचे रासायनिक पृथक्करण केले. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अत्तरांत ॲलर्जीकारक द्रव्यांचे प्रमाण प्रौढांच्या अत्तरांसारखेच आढळले. एका उत्पादनात सिनॅमिक अल्कोहोल ३.७ टक्के होते. उद्योगाने स्वतः ठरविलेल्या सुरक्षित मर्यादेच्या ते ४.६ पट होते. म्हणजे वेष्टनावर बालकाचे चित्र असले तरी आतील सुगंधाची मात्रा बालकाचा विचार करून ठरविली जात होती असे म्हणता येत नाही.

५. सव्वीस नावे

याच वर्षी, डिसेंबर १९९९ मध्ये, युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने सुगंधाच्या ॲलर्जीविषयी आपले मत प्रसिद्ध केले व ज्यांच्याविषयी ग्राहकाला माहिती देणे आवश्यक आहे अशा २६ द्रव्यांची यादी दिली. त्यानुसार २००३ च्या सातव्या दुरुस्तीने असा नियम केला की, त्वचेवर राहू देण्याच्या प्रसाधनात ही द्रव्ये ०.००१ टक्क्यांहून अधिक आणि धुऊन टाकण्याच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यांहून अधिक असल्यास त्यांची नावे यादीत छापावीत. ११ मार्च २००५ पासून हा नियम लागू झाला. एका शब्दाच्या आड दडलेली द्रव्ये प्रथमच ग्राहकासमोर आली.

या घटनेचे महत्त्व मोठे आहे, पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. नाव छापणे म्हणजे द्रव्य सुरक्षित ठरविणे नव्हे. नाव छापल्याने ज्याला आपली ॲलर्जी आधीच ठाऊक आहे त्याचे रक्षण होते. ज्या मुलाला ती अद्याप जडलेली नाही, त्याला ती जडू नये यासाठी या यादीचा काहीच उपयोग नसतो. शिवाय हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल हे नाव वाचून निर्णय घेण्याची अपेक्षा दहा वर्षांच्या मुलाकडून करता येत नाही, आणि पालकांकडूनही क्वचितच करता येते. २६ द्रव्यांपैकी लिलिअल या नावाने परिचित असलेले द्रव्य २००५ पासून वेष्टनांवर छापले जात होते. प्रजननक्षमतेस घातक म्हणून वर्गीकृत झाल्यावर १ मार्च २०२२ पासून ते युरोपातील प्रसाधनांत निषिद्ध झाले.

६. खेळणे आणि क्रीम

आता या निबंधाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. २००९ मध्ये युरोपीय संघाने दोन महत्त्वाचे कायदे केले. पहिला खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीचा निर्देश व दुसरा प्रसाधनांविषयीचे विनियमन. दोहोंत सुगंधी द्रव्यांचा विचार आहे. परंतु त्यांची दिशा परस्परभिन्न आहे.

खेळण्यांच्या निर्देशाने ५५ ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्ये खेळण्यांत निषिद्ध ठरविली व आणखी ११ द्रव्यांची नावे छापणे बंधनकारक केले. तांत्रिक दृष्ट्या अपरिहार्य असल्यास निषिद्ध द्रव्याचा किलोग्रॅममागे १०० मिलिग्रॅमपर्यंतचा अंश तेवढा क्षम्य मानला गेला. या याद्या बारकाईने पाहिल्या असता असे दिसते की, प्रसाधनांच्या कायद्यातील २६ द्रव्येच येथे दोन भागांत विभागली गेली आहेत : १५ द्रव्ये निषिद्धांत व ११ नामनिर्देशाच्या यादीत. जी पंधरा द्रव्ये क्रीममध्ये नाव छापून चालत होती, ती बाहुलीत चालणार नव्हती. निर्देशातील रासायनिक तरतुदी २० जुलै २०१३ पासून लागू झाल्या.

एका द्रव्याचा प्रवास येथे उद्बोधक ठरेल. लायरल या व्यापारी नावाने ओळखले जाणारे, फुलांसारखा मंद वास असणारे कृत्रिम द्रव्य युरोपातील ॲलर्जीचे एक प्रमुख कारण ठरले होते. २००३ मध्ये वैज्ञानिक समितीने त्याची मात्रा अत्यंत कमी करण्याची शिफारस केली व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मतात ते प्रसाधनांत सुरक्षित नसल्याचे म्हटले. खेळण्यांत ते २०१३ पासून निषिद्ध झाले. प्रसाधनांतील बंदीचे विनियमन मात्र २०१७ मध्ये निघाले, आणि त्यानुसार नवी उत्पादने २३ ऑगस्ट २०१९ पासून व आधीचा साठा २३ ऑगस्ट २०२१ पासून बाजारातून बाद झाला. ओकमॉसमधील ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल या दोन घटकांवरील बंदीही याच विनियमनाने आली. याचा अर्थ असा की, सुमारे आठ वर्षे हे द्रव्य बाहुलीसाठी धोकादायक आणि ती बाहुली हाती धरणाऱ्या मुलीच्या गालावरील क्रीमसाठी विक्रीयोग्य मानले गेले.

या भेदाचे समर्थन करता येते काय? खेळण्याला सुगंधाची गरज नसते, तर प्रसाधनात सुगंध हा अपेक्षित गुण असतो. लहान मूल खेळणे तोंडात घालते. शिवाय प्रसाधनावर संपूर्ण घटकयादी असते, खेळण्यावर नसते. हे युक्तिवाद काही प्रमाणात ग्राह्य आहेत. परंतु ॲलर्जीच्या दृष्टीने संपर्काचे स्वरूप पाहिले तर पारडे उलटे झुकते. बाहुली हातात धरली जाते व ठेवून दिली जाते. क्रीम त्वचेवर चोळून तेथेच राहू दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले जाते. त्यातही विसंगतीची परिसीमा अशी की, खेळण्यांच्या निर्देशातच मुलांच्या 'कॉस्मेटिक किट'ला सूट देण्यात आली. पंधरा निषिद्ध द्रव्ये त्यात नाव व इशारा छापून आणि छत्तीस महिन्यांखालील मुलांना न देण्याच्या अटीवर वापरता येत होती. खेळणे प्रसाधनासारखे झाले की त्याचे संरक्षणही प्रसाधनाइतकेच उतरत होते.

याचे मूळ वयाच्या व्याख्येत आहे. खेळण्यांचा कायदा चौदा वर्षांखालील मुलांसाठी होता. प्रसाधनांच्या विनियमनाने सुरक्षिततेचे विशेष मूल्यमापन सांगितले ते केवळ तीन वर्षांखालील बालकांच्या उत्पादनांसाठी. तीन वर्षे ओलांडलेले मूल प्रसाधनांच्या कायद्यात एकदम सामान्य ग्राहक बनते. शाळेत जाणाऱ्या मुलाला स्वतंत्र नाव नसलेली ही जागा आहे.

७. 'नैसर्गिक' या शब्दाचे आश्रयस्थान

कृत्रिम द्रव्यांविषयीची शंका जसजशी पसरली, तसतसा 'नैसर्गिक सुगंध' हा शब्द विश्वासाचे चिन्ह बनला. इतिहास या विश्वासाला पुष्टी देत नाही. बर्गमॉटचे तेल, पेरू बाल्सम आणि ओकमॉस ही तिन्ही नैसर्गिक द्रव्ये होत. स्वीडनमधील ॲन-थेरेस कार्लबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लव्हेंडरमधील लिनालूल व लिंबूवर्गीय फळांतील लिमोनिन ही द्रव्ये मुळात सौम्य असली तरी हवेच्या संपर्कात त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन प्रबळ ॲलर्जीकारक संयुगे तयार होतात. महिनोन्महिने उघडमीट होणाऱ्या डबीच्या बाबतीत ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

मुलांसंबंधी याहून वेगळी शंका २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडली गेली. लव्हेंडर व टी ट्री तेल असलेली प्रसाधने वापरणाऱ्या चार ते दहा वर्षे वयाच्या तीन मुलग्यांच्या स्तनांची वाढ झाल्याचे व वापर थांबविल्यावर ती ओसरल्याचे त्यात नोंदविले होते. तीन रुग्णांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही आणि हा संबंध पुढील काळात वादग्रस्तच राहिला. तथापि वनस्पतिजन्य म्हणून तपासणीची आवश्यकता नाही, ही समजूत त्या चर्चेने निश्चितच डळमळीत केली.

आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलांना सुवासिक तेल व उटणे लावण्याची प्रथा आहे. वाळा, नागरमोथा, चंदन, कचोरा अशा द्रव्यांचा हा संपर्क वर्षातून एकदोनदा येतो व उटणे लगेच धुतले जाते. परंपरेतील या वापराचा दाखला देऊन रोज लावण्याच्या व त्वचेवर राहणाऱ्या 'हर्बल' क्रीमची निर्धोकता सिद्ध करणे तर्काला धरून नाही, कारण ॲलर्जीच्या बाबतीत मात्रा व वारंवारता या दोन्ही गोष्टी निर्णायक असतात.

८. भारतीय कायदा आणि वर्तमान परिस्थिती

भारतात १९४० चा औषध कायदा मुळात औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधनांचा समावेश होऊन तो 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा' झाला. या कायद्यातील प्रसाधनाची व्याख्या शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर अथवा आकर्षक करण्यासाठी अंगावर चोळण्याच्या, ओतण्याच्या, शिंपडण्याच्या वा फवारण्याच्या वस्तू अशा स्वरूपाची आहे. तीत वयाचा उल्लेख नाही. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. त्यानुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने व त्यानंतर उर्वरित घटक कोणत्याही क्रमाने वेष्टनावर द्यावे लागतात. द्रव्यांच्या ग्राह्याग्राह्यतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ४७०७ हे मानक आधारभूत आहे. म्हणजे चौकट उपलब्ध आहे. तीत शाळकरी मुलाला स्वतंत्र स्थान द्यावे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

हा प्रश्न तातडीचा होण्यास एक नवे कारण घडले आहे. पूर्वी मुलाच्या अंगाला काय लावायचे हे आई ठरवीत असे. आता समाजमाध्यमांतील चित्रफिती पाहून मुले-मुली प्रौढांसाठी बनविलेली प्रसाधने स्वतः निवडू लागली आहेत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात ते अठरा वर्षांच्या मुलींनी प्रसारित केलेल्या अशा शंभर चित्रफिती तपासल्या. त्यांत एका वेळी सरासरी सहा प्रसाधने चेहऱ्यावर लावली जात होती. प्रत्येक प्रसाधनातील सुगंधाची मात्रा स्वतंत्रपणे मर्यादेत असली तरी सहा थरांची बेरीज होते. एकेका उत्पादनाला एकक मानणारा वेष्टनावरील नियम या बेरजेचा हिशेब वापरणाऱ्याला सांगत नाही.

जागतिक कायद्याची दिशा अधिक उघडपणाकडे आहे, हे खरे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या प्रसाधनविषयक कायद्याने सुगंधातील ॲलर्जीकारक द्रव्यांची नावे जाहीर करण्याविषयी नियम करण्याचे दायित्व तेथील अन्न व औषध प्रशासनावर टाकले. युरोपीय संघाने जुलै २०२३ च्या विनियमनाने नामनिर्देशाची यादी २६ वरून ८० हून अधिक द्रव्यांपर्यंत वाढविली. नव्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२६ व आधीपासून बाजारात असलेल्यांसाठी ३१ जुलै २०२८ या मुदती त्यात दिल्या आहेत. परंतु यादी लांबल्याने लहान वाचकाचे काम सोपे होत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सुगंधी द्रव्यांच्या दोषांचे ज्ञान बहुतांश प्रसंगी वापर रूढ झाल्यानंतर, रुग्णांच्या त्वचेवरून झाले. बर्गमॉट, मस्क ॲम्ब्रेट व लायरल या तिन्ही प्रकरणांत हाच क्रम दिसतो.

२) घटकांची नावे उघड होणे ही निदानाची पूर्वअट आहे. लार्सन यांचे १९७७ चे काम व २००५ चा युरोपीय नियम हे या दृष्टीने मैलाचे दगड होत. मात्र नामनिर्देश हा ॲलर्जी जडलेल्याचा आधार आहे, ती जडू न देण्याचा उपाय नव्हे.

३) युरोपीय कायद्यात शाळकरी मूल खेळण्याचा वापरकर्ता म्हणून संरक्षित होते, पण प्रसाधनाचा वापरकर्ता म्हणून प्रौढांत गणले जात होते. एकच द्रव्य दोन कायद्यांत दोन न्यायांनी तोलले गेले, याचे कारण द्रव्याच्या गुणधर्मात नसून कायद्यांच्या उगमात आहे.

४) 'नैसर्गिक' व 'कृत्रिम' हा भेद सुरक्षिततेचा निकष म्हणून टिकत नाही.

५) मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, त्वचेवर राहू देण्याच्या प्रसाधनांना निदान खेळण्याइतका कठोर निकष लावावा, ही मागणी शास्त्रदृष्ट्या वाजवी व व्यवहारदृष्ट्या शक्य आहे. सुगंध वगळल्याने क्रीमचे त्वचा मऊ राखण्याचे कार्य अडत नाही. तोपर्यंत पालक व शिक्षकांना सुगंधरहित उत्पादन निवडण्याचा सल्ला देता येतो. हा सल्ला देताना 'सुगंधरहित' व 'वास न येणारे' यांतील फरकही सांगितला पाहिजे, कारण मूळ वास झाकण्यासाठी कधी कधी सुगंधी द्रव्यच वापरलेले असते.

ओडेन्सच्या शाळांतील पाहणी विद्यापीठ व शाळा यांच्या सहकार्याने झाली. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विभागांनी परिसरातील शाळांत विद्यार्थी कोणती प्रसाधने, किती व किती वेळा वापरतात आणि त्यांच्या वेष्टनांवर काय छापलेले आहे याची साधी नोंद घेतली, तरी आपल्याकडील चर्चेला वस्तुनिष्ठ आधार मिळेल. या कामाला मोठ्या खर्चाची व महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही.